अनेक व्याधी, एक रुग्ण : भौतिकोपचाराकडून असलेल्या अपेक्षा

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गतः दोन भाग पडतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे तालुके घाटावरचे; तर पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखालचे म्हणून ओळखले जातात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार असून, दर पाच व्यक्तींपैकी जवळजवळ चार ग्रामीण भागात राहतात. कापूस, सोयाबीन आणि तूर ही येथील प्रमुख पिके होत. निंदण, कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी ही कामे कमरेत वाकून किंवा उकिडवे बसून करावी लागतात आणि ती बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येतात. वयाची पन्नाशी ओलांडली की गुडघे आणि कंबर कुरकुरू लागतात, यात नवल नाही.

नवी बाब अशी की, आता दुखणारा गुडघा एकटा येत नाही. त्याच्या जोडीला मधुमेह असतो, रक्तदाब असतो, कधी दमा, तर कधी मूत्रपिंडाचा विकार असतो. अशा रुग्णाला वैद्यकीय उपचार मिळतात. परंतु ते व्याधीगणिक निरनिराळ्या दारांतून मिळतात. चालणे, उठणे, बसणे, काम करणे या गोष्टींचा विचार करणारा भौतिकोपचार तज्ज्ञ, म्हणजेच लोकांच्या तोंडचा फिजिओथेरपिस्ट, या रुग्णाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो. हा रुग्ण त्याच्याकडून काय अपेक्षितो, त्यांतील कोणत्या अपेक्षा रास्त आहेत आणि त्या पुऱ्या होण्यासाठी गावाने व शासनयंत्रणेने काय करावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका व्याधीकडून अनेक व्याधींकडे

व्यायाम, हालचालींचे शिक्षण, हाताने करावयाचे उपचार आणि उष्णता, वीज यांसारखी भौतिक साधने यांच्या साहाय्याने शरीराची कार्यशक्ती टिकविणे व गमावलेली शक्ती शक्य तितकी परत मिळविणे, हे भौतिकोपचाराचे कार्य होय. या विद्येचे शिक्षण आपल्या राज्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले. १९५५ साली मुंबईत हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. त्या काळी या उपचारांची सर्वाधिक गरज पोलिओने पंगू झालेल्या मुलांना होती.

पोलिओग्रस्त मूल हे बहुधा एकाच व्याधीचे रुग्ण असे. पाय लुळा पडला, त्याला बळ द्यावयाचे, कॅलिपर बसवावयाचे आणि चालते करावयाचे, असा सरळ मार्ग होता. देशातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. भौतिकोपचाराच्या दारातील ती मुले आता दिसत नाहीत. त्यांच्या जागी त्यांच्या आजी-आजोबांच्या वयाची माणसे येऊन बसली आहेत.

देशभरातील ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची २०१७-१८ मध्ये पाहणी करण्यात आली. वृद्धत्वाविषयीच्या या दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीवरील सुमारे साडेसात कोटी भारतीयांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार आहे. शंभरातील २७ ज्येष्ठांना एकाहून अधिक व्याधी आहेत आणि ४० जणांना कोणत्या तरी प्रकारचे अपंगत्व आहे. स्कॉटलंडमध्ये झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की, गरीब वस्त्यांतील लोकांना अनेक व्याधींचा विळखा सधन वस्त्यांतील लोकांपेक्षा दहा ते पंधरा वर्षे आधी पडतो. काबाडकष्ट, अपुरे पोषण आणि उपचारांस होणारा विलंब यांचा अनुभव असलेल्या आपल्या खेड्यांना हा निष्कर्ष परका वाटण्याचे कारण नाही.

पाच सल्ले आणि एक देह

उदाहरणादाखल घाटाखालच्या एखाद्या गावातील साठीच्या शेतमजूर स्त्रीची कल्पना करावी. तिला दहा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, दोन्ही गुडघे झिजले आहेत, तळपायांना बधिरता आली आहे आणि अलीकडच्या तपासणीत मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्याचे आढळले आहे. मधुमेहाचे डॉक्टर तिला रोज चालावयास सांगतात. हाडांचे डॉक्टर गुडघ्यांना जपा, खाली बसू नका, असे बजावतात. रक्तदाबासाठी दगदग नको असे तिने ऐकले आहे. मूत्रपिंडाच्या तपासणीनंतर दुखण्यावरच्या गोळ्या बंद करण्यास सांगितले गेले आहे. शेजारीण गुडघे आणि तळपाय विटेने शेकावयास सुचविते.

यांतील पहिले चार सल्ले आपापल्या जागी योग्य आहेत. तथापि ते एकत्र आले म्हणजे रुग्णाला त्यातून एकच अर्थ लागतो, तो म्हणजे काहीही न करणे. ती घरी बसते. चालणे थांबल्यामुळे रक्तातील साखर वाढते, वजन वाढते, मांडीचे स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंमुळे गुडघ्यावरील ताण वाढतो आणि दुखणे पूर्वीपेक्षा अधिक होते. मजुरी बुडते, ती वेगळीच. एका व्याधीने दुसरीला आणि दुसरीने तिसरीला बळ देणारे हे चक्र कोठेतरी तोडले पाहिजे. ते हालचालीच्या ठिकाणी तोडता येते, हे भौतिकोपचाराचे खरे महत्त्व आहे. योग्य मात्रेतील व्यायामाने साखर, रक्तदाब, सांधेदुखी आणि मनाची उदासीनता या सर्वांनाच काही ना काही उतार पडतो. असा एका औषधात अनेक गुण असण्याचा योग क्वचितच येतो.

पहिली अपेक्षा : आधी ऐकून घ्यावे

भौतिकोपचाराबाबत रुग्णांचे समाधान कशावर अवलंबून असते, याचा निरनिराळ्या देशांतील अभ्यासांच्या आधारे घेतलेला एक आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. उपचारांचा अंतिम परिणाम काय झाला यापेक्षा उपचार करणाऱ्याचे वागणे, त्याने दिलेला वेळ, त्याने केलेला खुलासा यांच्याशी रुग्णांच्या समाधानाचा अधिक निश्चित संबंध असल्याचे त्यात दिसून आले. अनेक व्याधींच्या रुग्णाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. त्याने आपली कहाणी तुकड्यातुकड्यांनी अनेकांना सांगितलेली असते. सबंध कहाणी ऐकणारा त्याला भेटलेला नसतो.

म्हणून पहिल्या भेटीत केवळ दुखऱ्या सांध्याची तपासणी करून भागत नाही. रुग्ण कोणकोणती औषधे घेतो हे त्याने सोबत आणलेल्या पाकिटांवरून पाहावे. गेल्या वर्षभरात तो कधी पडला काय, रात्री झोप लागते काय, चालताना दम लागतो काय, छातीत दुखते काय, हे विचारावे. काही गोष्टी रुग्ण आपण होऊन सांगत नाही. खोकताना किंवा वजन उचलताना लघवी न थांबणे ही अनेक स्त्रियांची तक्रार असते. लाजेपोटी त्या ती दडवितात आणि हळूहळू कीर्तनाला, लग्नकार्याला, एस.टी.च्या प्रवासाला जाणेच सोडून देतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम या तक्रारीवर गुणकारी असून ते शिकविणे भौतिकोपचाराच्याच कक्षेत येते. आपुलकीने विचारले गेले, तरच ही तक्रार ओठांवर येते.

दुसरी अपेक्षा : उपचाराचा आरंभ कामापासून व्हावा

गुडघा किती अंशांत वाकतो, याची नोंद तज्ज्ञाला आवश्यक असते. रुग्णाचा प्रश्न मात्र निराळा असतो. पंगतीत मांडी घालून बसता येईल काय, शौचास बसून उठता येईल काय, एस.टी.ची पायरी चढता येईल काय, डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन ओट्यावर येता येईल काय, यंदा वेचणीला जाता येईल काय, हे त्याचे प्रश्न असतात. शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या श्री गजानन महाराजांच्या पालखीबरोबर एकदा तरी पायी जावे, अशी इच्छा मनात धरून असलेले वृद्ध या जिल्ह्यात थोडे नाहीत. त्यांच्या दृष्टीने निदान चार मैल सुखाने चालता येणे हेच उपचाराचे माप असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या कार्यक्षमतेच्या वर्गीकरणात शरीराच्या दोषाबरोबरच माणसाची कामे, त्याचा समाजातील सहभाग आणि भोवतालची परिस्थिती यांनाही स्थान दिले आहे. रुग्णाच्या वरील प्रश्नांना शास्त्राचा आधार आहे, हे यावरून दिसेल. तज्ज्ञाने रुग्णाला सर्वांत अधिक अडणारी दोन कामे निवडावयास सांगावीत आणि उपचाराची आखणी त्यांभोवती करावी. कधी कधी उत्तर व्यायामापेक्षा सोयीत सापडते. शौचालयात भिंतीला आधाराची दांडी, उंच बैठक, चूल किंवा शेगडी ओट्यावर घेणे, काठीची योग्य उंची, वेचणीच्या ओटीतील कापूस लवकर रिता करण्याची सवय, या लहान गोष्टींनी मोठा त्रास वाचतो.

तिसरी अपेक्षा : थोडे सांगावे, जमेल तेच सांगावे

अनेक व्याधींचा रुग्ण आधीच बऱ्याच बंधनांत असतो. सकाळची गोळी उपाशीपोटी, दुपारची जेवणानंतर, अमुक खाणे वर्ज्य, अमुक तारखेला तपासणी, या सर्वांवर आणखी बारा व्यायामांचा कागद हाती पडला, तर तो घडी घालून ठेवला जाण्याचीच शक्यता अधिक. रुग्णाची अपेक्षा असते ती दोन-तीन व्यायामांची, जे घरच्या घरी, साधनांवाचून आणि कामाच्या रगाड्यात बसतील.

अशा व्यायामाचे एक चांगले उदाहरण म्हणजे बाजेवरून किंवा खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे व पुन्हा बसणे. या एका क्रियेने मांडीचे स्नायू बळकट होऊन गुडघ्याला आधार मिळतो, मोठे स्नायू कामास लागल्याने साखर वापरली जाते, तोल सुधारतो आणि पडण्याचा धोका कमी होतो. प्रारंभी पाच वेळा, तेही हातांचा आधार घेऊन, आणि पुढे क्रमाने वाढ, असा क्रम ठेवता येतो. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता आले हे मोजून रुग्णाला आपली प्रगतीही स्वतःच पाहता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून एकूण १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व शक्ती वाढविणारे व्यायाम करावेत. दीर्घकालीन आजार असलेल्यांनाही हे मार्गदर्शन लागू आहे. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी जमेल तेवढे करावे, कारण थोडी हालचाल मुळीच नसण्यापेक्षा बरी, असे त्यात म्हटले आहे. शेतात राबणाऱ्या माणसाला वेगळ्या व्यायामाची गरज काय, असा प्रश्न येथे विचारला जातो. शेतातील कामात तेच स्नायू आणि तेच सांधे तासन्‌तास एकाच रीतीने वापरले जातात. व्यायामात दुबळ्या भागाला निवडून बळ दिले जाते. हा फरक समजावून सांगितला म्हणजे रुग्णाला पटतो. पेरणी व सोंगणीच्या दिवसांत व्यायामात खंड पडणार हे गृहीत धरून त्या दिवसांपुरती छोटी योजना वेगळी आखून देणे श्रेयस्कर.

चौथी अपेक्षा : एक उपचार दुसऱ्या व्याधीला बाधू नये

रुग्ण ही अपेक्षा शब्दांत मांडत नाही. तो विश्वासाने स्वतःला तज्ज्ञाच्या स्वाधीन करतो. म्हणून येथे जबाबदारी अधिक आहे. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर शेकाची उष्णता रुग्णाला कळत नाही आणि भाजून झालेली जखम दीर्घ काळ भरत नाही. गरम वीट किंवा गरम पाण्याची पिशवी वापरण्याची घरगुती रीत अशा पायांना घातक ठरू शकते, हे घराघरात पोहोचले पाहिजे. ज्याच्या छातीत हृदयाची गती राखणारे पेसमेकर यंत्र बसविले आहे, त्याला विद्युत उपचार देण्यापूर्वी त्याची चौकशी झालीच पाहिजे.

इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी व्यायाम करू नये. घाम येणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साखर उतरल्याची लक्षणे ओळखून खिशात गूळ किंवा साखर बाळगावी. रक्तदाबाच्या रुग्णाने जोर लावताना श्वास कोंडू नये. हृदयविकाराच्या रुग्णाने व्यायाम करताना बोलता येईल इतपतच वेग ठेवावा आणि छातीत दुखू लागल्यास तात्काळ थांबून दवाखाना गाठावा. अर्धांगवायूच्या रुग्णाला उठविताना त्याचा लुळा हात धरून ओढू नये, कारण त्यामुळे खांद्याचा सांधा निखळण्याची भीती असते. ही पथ्ये रुग्णाइतकीच त्याच्या घरच्यांनाही शिकविली गेली पाहिजेत.

पाचवी अपेक्षा : वेदना कमी व्हावी, गोळ्या वाढू नयेत

या अपेक्षेला बुलढाणा जिल्ह्यात विशेष अर्थ आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूगर्भातील पाणी खारट आहे. संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांतील गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार अनेक वर्षे होत आली असून लोक तिचा संबंध या पाण्याशी जोडतात. गोड्या पाण्यासाठी वान प्रकल्पावर आधारित १४० गावांची पाणीपुरवठा योजना या दोन तालुक्यांसाठी हाती घेण्यात आली. पाण्याचा प्रश्न त्याच्या मार्गाने सुटावयाचा आहे. परंतु मूत्रपिंडाला होणारी आणखी एक इजा टाळणे प्रत्येकाच्या हाती आहे.

अंगदुखी, गुडघेदुखी, कंबरदुखी यांवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या सर्रास घेतल्या जातात. हंगामात दिवसभर काम करून संध्याकाळी एक गोळी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काम, असा क्रम आठवडेच्या आठवडे चालतो. या जातीची औषधे दीर्घ काळ घेतल्यास मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो. मूत्रपिंड आधीच दुर्बल असल्यास, किंवा मधुमेह व रक्तदाब सोबत असल्यास धोका वाढतो, आणि उन्हात घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झाले असताना तो अधिकच वाढतो. डॉक्टर अशा रुग्णाच्या गोळ्या बंद करतात, ते योग्यच असते. पण वेदना राहतेच आणि तिचे काय करावयाचे याचे उत्तर मिळाले नाही, तर रुग्ण पुन्हा त्याच गोळ्यांकडे वळतो.

हे उत्तर भौतिकोपचारात आहे. गुडघ्याच्या झिजेवर व जुनाट कंबरदुखीवर व्यायाम हा पहिल्या प्रतीचा उपचार म्हणून सर्वत्र मान्यता पावला आहे. घाटाखालच्या तालुक्यांत भौतिकोपचाराची सोय करणे म्हणजे केवळ सांध्यांची सोय करणे नव्हे. त्यायोगे मूत्रपिंडेही राखली जातात.

सहावी अपेक्षा : खरे सांगावे

गुडघ्याची झीज भरून येत नाही, परंतु दुखणे कमी होऊन चालणे सुधारू शकते. अर्धांगवायूनंतर पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे ती मंदावते, तरी प्रयत्न सोडावयाचे नसतात. व्यायामाने शक्ती येण्यास काही आठवडे लागतात आणि पहिल्या दिवसांत स्नायू थोडे दुखतात. हे सर्व आरंभीच सांगितले, तर रुग्ण मध्येच उपचार सोडत नाही. खोटी आशा दाखविली, तर तो पंधरा दिवसांनी दुसऱ्या दारी जातो आणि तेथे पुन्हा पहिल्यापासून आरंभ होतो.

काही अपेक्षांना मात्र विनयपूर्वक नकार द्यावा लागतो. यंत्र लावले, 'करंट' दिला म्हणजे उपचार झाला आणि व्यायाम सांगून परत पाठविले म्हणजे फसवणूक झाली, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. मालिशने बरे वाटते, विद्युत उपचाराने काही काळ वेदना दबते, हे खरे आहे. तथापि टिकाऊ लाभ रुग्णाच्या स्वतःच्या हालचालीतूनच होतो. त्याचप्रमाणे दहा बैठकांत पूर्ण बरे करण्याची हमी मागणे किंवा देणे, ही दोन्ही चुकीची होत. भौतिकोपचाराचा व्यवसाय कोणी करावा याविषयी राज्यात २००२ चा भौतिकोपचार व व्यवसायोपचार परिषद अधिनियम असून, केंद्राने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली स्वतंत्र आयोगाचा कायदा केला आहे. उपचार करणाऱ्याची पात्रता व नोंदणी विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि त्याने तो संकोच न बाळगता वापरावा.

सातवी अपेक्षा : उपचार आवाक्यात असावा, उपचारकांत मेळ असावा

जिल्ह्याचे ठिकाण घाटावर आहे. जळगाव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्यातील रुग्णाला बुलढाण्यास जावयाचे तर पूर्णेचे खोरे ओलांडून घाट चढावा लागतो. गुडघे धरलेल्या माणसासाठी एस.टी.चा हा प्रवास हेच मोठे दुखणे होते. सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. आठवड्यातून तीन वेळा या, असा सल्ला अशा रुग्णाला देणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच आहे. त्यापेक्षा महिन्यातून एक सविस्तर भेट, घरी करावयाचा लहानसा कार्यक्रम, मध्यंतरी दूरध्वनीवरून चौकशी आणि गावातील आशा कार्यकर्तीकडून पाठपुरावा ही योजना अधिक व्यवहार्य ठरेल.

दुसरी अडचण मेळाची. निरनिराळ्या डॉक्टरांनी दिलेले सल्ले परस्परांशी जुळविण्याचे काम आज रुग्णालाच करावे लागते आणि त्यासाठी लागणारे ज्ञान त्याच्यापाशी नसते. प्रत्येक रुग्णाजवळ एकच आरोग्यपुस्तिका असावी. तीत त्याच्या सर्व व्याधी, सर्व औषधे, कोणती हालचाल करावी व कोणती टाळावी, याची नोंद मराठीत ठळक अक्षरांत असावी. ही नोंद डॉक्टर आणि भौतिकोपचार तज्ज्ञ या दोघांनीही पाहावी व तिच्यात आपापली भर घालावी. अशी पुस्तिका खर्चिक नाही. सवय मात्र लावावी लागेल.

यंत्रणेने व गावाने करावयाचे कार्य

ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्याच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी दहा खाटांचा कक्ष व भौतिकोपचाराची सोय, त्याखालील रुग्णालयांत ठराविक दिवशी ज्येष्ठांची तपासणी व पुनर्वसन सेवा आणि उपकेंद्राच्या पातळीवर अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेटी, अशी साखळी कल्पिलेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचाही समावेश होता. अध्यापन आणि तज्ज्ञसेवा यांचे नवे केंद्र जिल्ह्यात आल्यामुळे घाटाखालच्या रुग्णालयांत ठरलेल्या वारी भौतिकोपचाराची फिरती सेवा नेण्याचा विचार यापुढे अधिक सुलभतेने करता येईल. तो दिवस आठवडी बाजाराशी जुळवून घेतला, तर रुग्णाला वेगळी खेप घालावी लागणार नाही.

ग्रामपंचायतींना दिव्यांगांच्या कल्याणासाठी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी खर्च करावा लागतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. या निधीचा विनियोग करताना सार्वजनिक शौचालयात आधाराची दांडी, ग्रामपंचायत कार्यालय व उपकेंद्र यांना उतरण, पाणवठ्याजवळ बसण्यास ओटा यांसारख्या कामांकडे पंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची आदी साधने पुरविणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली आणि ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना अशा साधनांसाठी तीन हजार रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ साली सुरू झाली. साधन मिळाले तरी त्याची उंची व वापर जाणकाराकडून ठरवून घेतला नाही, तर ते कोपऱ्यात पडून राहते. म्हणून वाटपाच्या शिबिरात भौतिकोपचार तज्ज्ञाची उपस्थिती असणे अगत्याचे आहे.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने गावात पडण्याची भीती असलेल्या, घराबाहेर पडणे बंद झालेल्या आणि दुखण्याच्या गोळ्या नित्य घेणाऱ्या व्यक्तींची यादी करावी. या तीन प्रश्नांची उत्तरे आशा कार्यकर्तीला घरभेटीत सहज मिळू शकतात. शिक्षकांचे साहाय्यही मोलाचे आहे. आजीला रोज दहा वेळा बाजेवरून उठते-बसते करण्याचे काम नातवंडाकडे सोपविले, तर व्यायामाचा कागद घडी होऊन पडणार नाही. तळपायांची रोज पाहणी करणे, बधिर पाय न शेकणे, लुळा हात न ओढणे, हे तीन धडे शाळेतील आरोग्यशिक्षणात सहज बसतील. दरवर्षी ८ सप्टेंबरला साजरा होणारा जागतिक फिजिओथेरपी दिन हे त्याचे निमित्त होऊ शकेल.

अनेक व्याधींच्या रुग्णाच्या या अपेक्षा तपासून पाहिल्या, तर त्यांतील बहुतेक अपेक्षांना महागडी यंत्रसामग्री लागत नाही असे दिसून येईल. वेळ, विचारपूस, एकमेकांशी जुळणारा सल्ला आणि घराजवळ मिळणारी सेवा, एवढे त्यांचे स्वरूप आहे. त्या पुऱ्या झाल्या म्हणजे सर्व व्याधी नाहीशा होतील असे नाही. परंतु साठीची ती शेतमजूर स्त्री आपल्या पायांनी ओट्यावरून उतरेल, जमेल तेवढे काम करील, दुखण्याच्या गोळीवाचून रात्र काढील आणि आपल्या मूत्रपिंडांना जपेल. जिल्ह्यातील आरोग्यसेवेचे यश मोजताना किती रुग्ण तपासले या आकड्याबरोबरच किती माणसे पुन्हा आपल्या कामाला लागली, हाही आकडा नोंदविण्यास हरकत नाही.